शिवसागरासारख्या मोठ्या, अनोळखी जलाशयात गळासाठी जागा कशी शोधावी?

माहुलीकर यांचा प्रश्न:

नमस्कार. मी साताऱ्यात राहतो आणि लहानपणापासून कृष्णेवर गळ टाकत आलो आहे. माहुलीच्या संगमाखालचे डोह, लिंबाकडचा पट्टा आणि अधूनमधून कण्हेरचा काठ एवढाच माझा वावर. नदीत जागा ओळखता येते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी तळ खणत जाते म्हणून तिथे डोह असतो, खडकाच्या आडोशाला धार मंदावते, ओढा मिळतो तिथे खाणे वाहून येते, आणि मासा कुठे तोंड करून उभा असेल याचा अंदाज पाण्याच्या धावेवरूनच बांधता येतो.

येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तापोळ्याला मुक्काम करून कोयनेच्या शिवसागर जलाशयात गळ टाकण्याचा विचार आहे. ओळखीच्या नावाड्याची होडी मिळणार आहे. अडचण अशी की, काठावर उभे राहिले की दोन्हीकडे डोंगर आणि मधे सपाट पाणी एवढेच दिसते. जलाशय सुमारे ५० किलोमीटर लांब आहे, त्यात कोयनेबरोबरच सोळशी आणि कांदाटी यांच्या खोऱ्यांतही पाणी शिरलेले आहे, आणि नदीवर ज्या खुणा मी वाचतो त्यांपैकी एकही इथे वर दिसत नाही. माझ्याकडे फिश फाइंडर (पाण्याची खोली आणि मासे दाखवणारे यंत्र) नाही. मुख्य अपेक्षा शिवडा आणि वाम या माशांची आहे. महशीर लागलाच तर तो पाण्यातच सोडायचा असतो, हे मी पाळतो. आमिषाविषयी किंवा तंगुसाविषयी नव्हे, तर केवळ जागेविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे: सुरुवात कुठून करावी, किती खोलीवर, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी?

कांदाटीचा यांचे उत्तर:

माझे आजोळ त्या खोऱ्यातले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

नदीवर ज्या खुणा आपण वाचता त्या शिवसागरात नाहीशा झालेल्या नाहीत, त्या पाण्याखाली आहेत. कोयना धरणाचे काम १९५६ मध्ये सुरू झाले आणि १९६४ मध्ये पूर्ण झाले. त्याआधी तिथे वाहती नदी होती, तिला मिळणारे ओढे होते, काठाने पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरे होती, त्यांना दगडी ताली (बांध) होत्या, वाटा होत्या, घरांची जोती होती. आजही तळ तोच आहे, फक्त त्यावर गाळाचा थर साचला आहे. म्हणून शिवसागराकडे एक प्रचंड तळे म्हणून न पाहता बुडालेले खोरे म्हणून पाहावे आणि पहिल्यांदा जुन्या नदीचे पात्र कुठून जाते ते शोधावे. मोकळ्या, सपाट तळावरच्या पाण्यात मासा फारसा थांबत नाही. तो थांबतो कडेला: जिथे भातखाचरांचा सपाट भाग संपून तळ एकदम जुन्या पात्रात उतरतो, जिथे डोंगराची सोंड पाण्यात शिरून पुढे बुडत जाते, जिथे बुडालेला ओढा जुन्या नदीला मिळतो. ही तिन्ही ठिकाणे जवळजवळ आली तर दुसरीकडे जाण्याचे कारणच नाही.

ही कड शोधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे मे महिना. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरतो आणि त्यानंतर वीजनिर्मिती व सिंचन यांसाठी पाणी सोडले जात असल्यामुळे जूनपर्यंत पातळी सतत खाली जाते. मेअखेरीस वरच्या टोकाला, म्हणजे तापोळ्याच्या बाजूला, तळाचा मोठा भाग उघडा पडतो. त्या वेळी गळ न घेता नुसते चालत जावे. वाळलेल्या गाळाला हातभर लांबीच्या भेगा पडलेल्या असतात, त्यातून जुन्या तालींचे दगड ओळीने वर आलेले दिसतात, आणि अशा एखाद्या तालीच्या पायथ्याशी बसून पाहिले तर दगडांच्या सांदींत शिंपल्यांचे तुकडे आणि खेकड्यांची बिळे सापडतात. वाम अशाच सांदींत राहते आणि शिवड्याचे भक्ष्यही तिथेच घोटाळते. अशा प्रत्येक जागेचे मोबाइलवर स्थान नोंदवून ठेवावे आणि चारही दिशांचे फोटो काढावेत. पुढे तिच्यावर दहा-बारा मीटर पाणी चढले तरी जागा आपल्या हातात राहते. नैसर्गिक सरोवरावर गळ टाकणाऱ्याला अशी सोय कधीच मिळत नाही. उघड्या गाळावर मात्र एकट्याने जाऊ नये. वरची साय वाळलेली असली तरी पाण्याजवळचा गाळ मांडीपर्यंत पाय ओढून घेतो.

आपण फेब्रुवारीत जाणार असल्यामुळे यंदा मेची वाट पाहणे शक्य नसेल, तर घरबसल्या एक काम करता येईल. गूगल अर्थवर जुन्या तारखांची उपग्रहचित्रे पाहता येतात. एकाच जागेची नोव्हेंबर, फेब्रुवारी, एप्रिल आणि मे महिन्यांतली चित्रे शेजारी-शेजारी ठेवावीत. पाणी उतरत गेले की काठाची रेषा आत सरकते, आणि प्रत्येक तारखेची काठरेषा म्हणजे त्या पातळीची समोच्च रेषाच, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, असते. दोन तारखांच्या रेषा जिथे एकमेकींपासून दूर आहेत तिथे तळ सपाट आहे. जिथे त्या जवळजवळ चिकटल्या आहेत तिथे उतार तीव्र आहे. एका संध्याकाळी कागदावर या रेषा उतरवल्या तर आपल्यापुरता खोलीचा नकाशा तयार होतो. धरणाची पाणीपातळी जलसंपदा विभाग जाहीर करत असतो, तिच्याशी ताळा घातला तर खोलीचा अंदाजही बसतो.

याखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. पण ‘मासा कुठे लागतो’ असे विचारू नये. त्याचे उत्तर कोणी सहसा देत नाही आणि दिले तरी ते जाळे लावणाऱ्याच्या सोयीचे असते. ‘पूर्वी नदी पायी ओलांडण्याचा उतार कुठे होता, मोठा डोह कोणता होता, ओढा कुठे मिळत होता’ असे विचारावे. धरणाआधीची नदी पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत आणि ती फार आपुलकीने सांगतात.

कृष्णामाई_मिरज यांचे उत्तर:

वरील उत्तराशी पूर्णपणे सहमत आहे. मी मूळचा मिरजेचा. नोकरीनिमित्त काही वर्षे अमेरिकेत मिनेसोटा राज्यात होतो आणि तिथे वॉलआय या माशाच्या मागे बराच हिंडलो. तो त्या राज्याचा अधिकृत राज्यमासा आहे. आपल्याकडे तो नाही, पण आपल्या शिवड्याशी त्याचे एका बाबतीत साम्य आहे: दोघेही शिकारी आहेत आणि दोघेही अंधुक उजेडात खातात. वॉलआयच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे मांजराप्रमाणे त्याला अंधारात दिसते आणि प्रखर उजेड मात्र तो टाळतो. म्हणून तिथले जाणकार दिवसा कडेखालच्या खोल भागात आणि सूर्यास्तानंतर त्याच कडेच्या वरच्या उथळ सपाटीवर गळ टाकतात. ढगाळ हवेत किंवा वाऱ्याने पाणी ढवळलेले असताना तो भर दुपारीही वर येतो.

तिथले मिल लॅक्स हे सरोवर सुमारे ५०० चौरस किलोमीटरांहून मोठे आहे, आणि खोली मात्र जास्तीत जास्त साडेबारा-तेरा मीटर. चहूबाजूंनी नुसते पाणी. डोंगर नाहीत, खुणा नाहीत. नवखा माणूस तिथे पूर्ण हरवून जातो. अनुभवी मंडळी मात्र पहिल्याच दिवशी नव्वद टक्के पाणी विचारातूनच काढून टाकतात. राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग सरोवरांच्या खोलीचे नकाशे देतो. त्यावरून ते एखादी खडकाळ सोंड किंवा चिखलाच्या उंचवट्याची कड निवडतात आणि उरलेला दिवस तेवढ्यावरच घालवतात. एका कडेवर उथळापासून खोलापर्यंत पायरी-पायरीने गळ टाकून मासा त्या दिवशी किती खोलीवर आहे ते ठरवतात. ती खोली एकदा सापडली की दुसऱ्या सोंडांवरही थेट तेवढ्याच खोलीवर जातात. जागा पुष्कळ असतात, पण त्या दिवसाची खोली बहुधा एकच असते, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर या रीतीत आहे. तापोळ्यापासून होडीने अर्ध्या तासाच्या आतला एक टापू निवडावा आणि धरणाच्या दिशेला पाहूही नये.

शिवसागरासाठी दोन गोष्टी सुचवतो. जलाशय उत्तर-दक्षिण पसरलेला असून पूर्वेला आणि पश्चिमेला उंच डोंगररांगा आहेत. सकाळी पूर्वेचा काठ डोंगराच्या सावलीत उशिरापर्यंत राहतो. संध्याकाळी पश्चिमेचा काठ लवकर सावलीत जातो. उजेड टाळणाऱ्या माशासाठी हा सावलीचा वेळ म्हणजे वाढलेली पहाट होय. दुसरी गोष्ट वाऱ्याची. मार्चपासून दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटू लागतो. वाऱ्याने वरचे पाणी आणि त्यातले सूक्ष्म जीव समोरच्या काठाला लोटले जातात, त्यांच्या मागे चिलापीसारखे लहान मासे जातात आणि त्यांच्या मागे शिकारी. म्हणून लाटा जिथे आपटतात आणि पाणी किंचित गढूळ होते, त्या पूर्वेच्या काठावरची सोंड दुपारनंतर पाहावी. निवांत, आरशासारखा काठ बसायला चांगला असतो, पण लाटांच्या काठावर खाणे असते. वारा वाढला की होडीतून गळ टाकणे थांबवून काठावरून टाकावा, आणि होडीत असताना प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे.

वनरेषा यांचे उत्तर:

जागेपूर्वी परवानगीचा विचार करावा, म्हणून एवढेच लिहिते. जलाशयाला लागून कोयना वन्यजीव अभयारण्य आहे. ते १९८५ मध्ये घोषित झाले आणि २०१० पासून चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वासोट्याला जाणाऱ्यांनाही बामणोलीत वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे पश्चिमेच्या काठावर, वरच्या उत्तरात सुचवलेल्या संध्याकाळच्या सावलीसाठीसुद्धा, वनविभागाला विचारल्याशिवाय होडी लावू नये. तापोळ्याला पोहोचल्यावर हद्द नेमकी कुठून जाते ते विचारून नकाशावर आखून घ्यावे. धरणाची भिंत आणि नवजाकडची वीज प्रकल्पाची कामे सुरक्षित क्षेत्रात येतात, तिकडे जाऊच नये.

जलाशयांतील मासेमारीचे हक्क सहसा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. संस्थेला आधी सांगावे, शुल्क असेल तर भरावे. तिथली कुटुंबे त्याच पाण्यावर जगतात. त्यांनी लावलेल्या जाळ्यांपासून दूर राहावे; रात्री पाण्यावर तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दिसल्या तर ती जाळ्याची ओळ आहे असे समजावे. पावसाळ्याच्या तोंडाला मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांच्या मुखाशी जमतात. ती जागा सोपी वाटते, पण त्या दिवसांत तिथे गळ टाकू नये अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

सांगलीकडच्या वाचकांसाठी: हीच पद्धत चांदोलीच्या वसंतसागरावर वापरण्याचा मोह होईल, पण तो जलाशय राष्ट्रीय उद्यानाशी जोडलेला आहे, तेव्हा तो विचार सोडावा. कृष्णेवर भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. तिथे पाण्याच्या कडेला उकिडवे बसून गळ सांभाळू नये.

माहुलीकर:

सर्वांचे मनापासून आभार. उपग्रहचित्रांच्या काठरेषा आखण्यास आजच सुरुवात केली. सोळशीच्या मुखाजवळच्या एका सोंडेवर एप्रिल आणि मेच्या रेषा अगदी जवळ आलेल्या दिसतात आणि तिच्या वरच्या अंगाला रुंद सपाटी आहे. ती पूर्वेच्या काठावर असल्यामुळे सकाळची सावली आणि दुपारची लाट दोन्ही तिला मिळतील असे वाटते. आता एवढेच विचारतो की, यंत्राशिवाय त्या कडेची खोली प्रत्यक्ष कशी मोजावी आणि होडी तिच्यावर कशी धरून ठेवावी?

कांदाटीचा:

जागा चांगली निवडली आहे. खोलीसाठी न ताणणारी सुती दोरी घ्यावी, तिला एका टोकाला अर्धा किलोचे शिसे बांधावे आणि प्रत्येक वावेला (दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढ्या लांबीला) एक गाठ मारावी. पाचव्या गाठीला रंगीत चिंधी बांधली की मोजणे सोपे जाते. शिश्याच्या बुडाला साबणाची वडी दाबून बसवावी. नावाड्याला सोंडेपासून खोल पाण्याकडे सरळ रेषेत अगदी सावकाश वल्हवायला सांगावे आणि दहा-दहा वल्ह्यांवर दोरी सोडावी. खडकावर शिसे टेकले की हाताला टणक ठोका जाणवतो, गाळात ते मुकाट बसते आणि उचलताना दोरीला ओढ लागते. वर आल्यावर साबणाला काय चिकटले आहे ते पाहावे: वाळू, खडे, काळा गाळ की नुसता ओरखडा. खडे लागत असताना दोन मोजण्यांमध्ये तीन-चार वावांचा फरक पडला तर तीच आपली कड.

तिथे दोन दगडांचा नांगर वापरावा, एक नाळेकडून (होडीच्या पुढच्या टोकाकडून) उथळ बाजूला आणि दुसरा वरामेकडून (मागच्या टोकाकडून) खोल बाजूला. एकाच नांगरावर होडी वाऱ्याबरोबर फिरत राहते आणि गळ कधी कडेवर तर कधी कडेबाहेर पडतो. दगड हळू सोडावेत, आपटू नयेत. नंतर काठाकडे पाहून दोन खुणा जुळवून घ्याव्यात, उदाहरणार्थ जवळच्या झाडामागे दूरच्या डोंगराची घळ, आणि तिच्याशी साधारण काटकोनात दुसऱ्या दिशेला एखाद्या घराच्या छपरामागे टेकडीचे टोक. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळल्या की होडी पुन्हा त्याच कडेवर आलेली असते, आणि सावली उतरण्याच्या वेळी, मोबाइलच्या उजेडाने पाणी न बुजवता, जागेवर येता येते.