मदत हवी आहे: लिनक्सवर पैसे भरूनही चित्र धूसर

मंडळी, आईच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकून दिलंय. बाकी सगळं झकास चालतं, पण एका ओटीटीवर मराठी मालिका लावली की चित्र धूसर. एचडीचे पैसे भरलेत, नेटही चांगलं आहे. तीच मालिका माझ्या अँड्रॉइड फोनवर स्वच्छ दिसते.

फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये डीआरएम (व्हिडिओची कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप) चालू केलंय; ते नव्हतं तेव्हा व्हिडिओ सुरूच होत नव्हता. वाचून एवढं कळलं की गूगलच्या वाइडवाइन या डीआरएमचे सुरक्षेचे स्तर असतात. फोनमध्ये एल१, म्हणजे कुलूपबंद व्हिडिओ उलगडणं हार्डवेअरच्या सुरक्षित भागात होतं. लिनक्सवरच्या ब्राउझरला सॉफ्टवेअरवाला एल३ मिळतो, आणि त्याला किती रिझोल्यूशन द्यायचं हे सेवा ठरवते. २०१७ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने या कुलुपाची जोडणी वेबच्या मानकात घेतली, तेव्हा डिजिटल हक्कांसाठी लढणारी ईएफएफ ही संघटना निषेध म्हणून डब्ल्यू३सीतून बाहेर पडली होती. तो वाद आता कुठे मला समजतोय!

चोरीची कॉपी नकोय, नियमातलाच मार्ग हवाय. ब्राउझर बदलून कुणाला फरक पडलाय का? की टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावणं बरं? आईला पुन्हा विंडोज शिकवायला जिवावर येतं, म्हणून आधी तुम्हाला विचारतोय.