मदत हवी आहे: भंडारदऱ्याची भातखाचरं बघायला कधी आणि कुठून जावं?

नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी आई-बाबांना घेऊन भंडारदऱ्याला जायचं म्हणतोय, ठाण्याहून कसारा घाट, घोटी, बारी असं करत शेंडीला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी धरणाला पूर्ण चक्कर, म्हणजे मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर करून परत शेंडी. ट्रेक वगैरे अजिबात नाही, बाबांचे गुडघे गेलेत, आम्हाला फक्त गाडीतून उतारावरची भातखाचरं बघायचीयेत आणि मधेमधे थांबून चहा. जुलैत आवणीच्या (भातलावणीच्या) वेळी मी मित्रांबरोबर गेलो होतो, खाचरात नुसतं पाणी आणि धुकं, पाच फुटांपुढचं दिसेना, फोटो सगळे पांढरे 😅

तर प्रश्न असा की सप्टेंबरअखेर भात हिरवंच असतं की पिवळं पडायला लागतं? सोंगणीच्या आधीचा तो सोनेरी रंग हवा असेल तर ऑक्टोबरवर ढकलू का? पण मग धबधबे आटतील ना. आणि रतनवाडी ते साम्रद रस्ता सध्या वॅगनारला झेपेल का, खालून घासते हो ती. तिथल्या अमृतेश्वराच्या देवळात आईला जायचंच आहे त्यामुळे रतनवाडी टाळता येणार नाही. तिकडचा काळभात (गावठी तांदूळ) घरगुती कुणाकडे मिळत असेल तर तेही सांगा.