मदत हवी आहे: वजनाचं इंजेक्शन गरम होऊन आलंय, टोचायचं की नाही?

विट्याचा_वाघ: ॲपवरून मागवलेलं इंजेक्शन आज आलं. थर्माकोलच्या डब्यात आईसपॅकचं नुसतं कोमट पाणी. कस्टमर केअर म्हणतंय, "चालतंय." उद्या पहिला डोस. टोचायचं का नाही एवढंच सांगा, बाकी सल्ले नकोत.

कृष्णाकाठ: कुठलं? पेन की व्हायल, म्हणजे छोटी बाटली? वाटेत किती दिवस होतं?

विट्याचा_वाघ: मौंजारो, 2.5 मिलिग्रॅमची व्हायल. शुक्रवारी पुण्याहून निघालं. आज सोमवार.

मिरजेचा_मेडिकलवाला: 30 अंशांच्या आत असेल तर फ्रीजबाहेर 21 दिवस चालतं. पण मे महिन्यात कुरिअरच्या पत्र्याखाली 30 अंश कुठले? बिघडलं तरी बघून कळेलच असं नाही. मी असतो तर परत पाठवलं असतं. थंड औषध कुरिअरनं मागवायचंच कशाला, ओळखीच्या मेडिकलातून घ्यावं.

अजिंक्यतारा_रोज: त्यापेक्षा पहाटे उठून चालायला जावा की. मी साताऱ्यात रोज किल्ला चढतो. खर्च शून्य.

मिरजेचा_मेडिकलवाला: दादा, प्रश्न काय, तुम्ही सांगताय काय!

अजिंक्यतारा_रोज: तुमचं दुकान बसेल म्हणून बोलताय होय?

भडंगप्रेमी: यानं केस गळतात का ओ? नणंद घेणार म्हणतीय.

कृष्णाकाठ: वाघ, डॉक्टर काय म्हणाले? 2020 च्या टेलिमेडिसिन (फोनवरून-ऑनलाइन डॉक्टरी सल्ला) नियमांप्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लागतो. आहे का?

विट्याचा_वाघ: डॉक्टर कोण बोललंच नाही. फॉर्म भरला, पैसे भरले, पार्सल आलं. फॉर्म माझ्या नावानं आहे, आईला मोबाईलचं जमत नाही.

कृष्णाकाठ: म्हणजे इंजेक्शन आईंना?? शुगर आहे का त्यांना?

विट्याचा_वाघ: आहे की, म्हणून तर वजन उतरवायचंय. शुगरची गोळी ग्लिमेपिराइड चालू आहे. त्याचा इथं काय संबंध?

कृष्णाकाठ: संबंध हाच. त्या गोळीबरोबर हे टोचलं तर साखर फार खाली जाऊ शकते, गोळी कमी करायची का ते डॉक्टरांनी ठरवायचं. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर होता का, हेही विचारावं लागतं. तुमच्या फॉर्ममधली उत्तरं तुमची, आईंची नाहीत. उद्याचा डोस राहू द्या, त्यांच्या शुगरच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.

विट्याचा_वाघ: ते म्हणतात आधी भात कमी करा, चाला. आणि माझे 3,500 रुपये कोण देणार?

अजिंक्यतारा_रोज: बघा, डॉक्टर पण चालाच म्हणतायत.

भडंगप्रेमी: केसांचं कोणी सांगेल का?