शाळेच्या खोलीत रविवारी होते ती पूजा, प्रार्थना की उपासना?

मास्तरीण_शिरपूर
आठवी-नववीच्या वादविवाद स्पर्धेसाठी टिपण करतेय आणि एका शब्दावर गाडी अडलीय. विषय असा : सरकारी शाळांची जागा सुटीच्या दिवशी धार्मिक गटांना भाड्याने द्यावी का? उदाहरण न्यूयॉर्कचं. ब्राँक्समधल्या एका लहानशा चर्चने १९९४ मध्ये रविवारसाठी शाळा मागितली, शिक्षण मंडळाने नकार दिला आणि कोर्टकचेरी २०१५ पर्यंत चालली. मी लिहिलं ‘पूजेसाठी’. आमचे संस्कृतचे सर म्हणाले, चर्चमध्ये कसली पूजा, ‘प्रार्थना’ करा. तसं केलं, तर वर्गातून प्रश्न आला : बाई, प्रार्थना तर आपण रोज शाळेतच म्हणतो, मग यांचं भांडण कशाचं?

तापीकाठचा
पोरांनी बरोबर पकडलं ताई. साने गुरुजी अमळनेरला मास्तर होते, त्यामुळे आपल्याकडे ‘प्रार्थना’ म्हटलं की सकाळची रांग आणि ‘खरा तो एकची धर्म’ हेच डोळ्यांपुढे येतं. ‘उपासना’ लिहा. उद्देशिकेत ‘विश्वास, श्रद्धा व उपासना’ असंच आहे. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली असते, फक्त वाचत कोणी नाही.

नवापूरवाला
आमच्याकडे चर्चला जाणारे ‘उपासनेला चाललो’ असंच म्हणतात. काही जण ‘भक्ती’ म्हणतात. पूजा मात्र मी कोणाच्याच तोंडून ऐकली नाही.

कपाशीवाला
पेपरात तर १९९१ चा ‘प्रार्थनास्थळ कायदा’ म्हणून छापतात. लोकांच्या तोंडात आहे तो शब्द. उपासना म्हटलं की माझ्या आजीला साबुदाणा आठवायचा. उपास आणि उपासना मुळात एकच असणार.

धातुकोश
नाही हो नाना. उपास आला ‘उपवास’मधून, तिथे धातू वस्. उपासनेत धातू आस्, म्हणजे जवळ बसणं. साबुदाण्याचा संबंध नाही. गंमत अशी की १८६७ ला मुंबईत निघालेल्या संस्थेचं नाव प्रार्थना समाज, आणि तिथे दर आठवड्याला होते ती उपासना. तेव्हा हा घोळ आजचा नाही.

तापीकाठचा
जवळ बसणं म्हणजे सरळ ‘बैठक’ की! आमच्या गावी शाळेच्या हॉलात दर आठवड्याला बैठक होते. शाळेचं देऊळ झालं असं आजवर कोणाला वाटलं नाही.

मास्तरीण_शिरपूर
दादा, ‘बैठक’ लिहिलं तर खटलाच पुसला जाईल. २०११ ला तिथल्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक असा निकाल दिला, तो उभा आहे नेमका या फरकावर. शाळेत कोणी प्रार्थना केली, भजन गायलं, धर्मग्रंथ शिकवला तर मंडळाच्या नियमाची हरकत नाही, कारण तो विचार मांडणं झालं. पण साग्रसंगीत उपासनेचा विधी चालवला की ती जागा देवघर होते, म्हणून तेवढी बंदी चालेल. त्याआधी २००१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिलफर्डच्या शाळेला सांगितलं होतं की मुलांच्या ख्रिस्ती क्लबला शाळा सुटल्यावर जागा नाकारता येणार नाही. म्हणजे मला दोन वेगळे शब्द हवेत, नुसत्या उपासनेसाठी एक आणि त्या ठरलेल्या विधीसाठी दुसरा.

नवापूरवाला
‘उपासनाविधी’. झालं की.

कपाशीवाला
‘विधी’ लिहाल तर खानदेशात दशक्रियाच समजतील.

धातुकोश
ताई, त्याआधी ‘सरकारी शाळा’ तपासा. मुळात ‘पब्लिक स्कूल’ असणार. धुळ्याला जाताना हायवेवर ज्या ‘पब्लिक स्कूल’च्या पाट्या दिसतात, त्यातल्या किती सरकारी आहेत? फी ऐका एकदा.

तापीकाठचा
म्हणून ‘सार्वजनिक शाळा’ म्हणा.

धातुकोश
तेही नको. मराठीत सार्वजनिक म्हणजे लोकांनी उभं केलेलं, वर्गणीचं. सार्वजनिक सभा, सार्वजनिक गणपती. यात सरकार कुठे आहे? ‘सरकारी’च राहू द्या.

कपाशीवाला
आणि नाव ‘विद्यामंदिर’ असेल तर? अमळनेरला तर तत्त्वज्ञानाचंसुद्धा मंदिर आहे. आमच्या वडिलांची पहिली-दुसरी मारुतीच्या देवळात झाली. शाळेने देवाची जागा इतकी वर्षं फुकट वापरली, आता देवाकडून भाडं मागायचं?

मास्तरीण_शिरपूर
नाना, हे वाक्य मी एका मुलीला बाजूने बोलायला देणार आहे, चालेल ना?

कपाशीवाला
बिनधास्त. पण ‘भाडं’ शब्दच मला खटकतो. मे महिन्यात आमच्या शाळेत जानोसा असायचा. नवरदेवाकडची माणसं वर्गात, फळ्यावर वरपक्षाचं नाव, बाकं व्हरांड्यात रचलेली. पैसे कोणी मागत नसे. जाताना नवरदेवाचा बाप शाळेला एखादी सतरंजी किंवा भिंतीवरचं घड्याळ देऊन जायचा. कानबाईच्या सणाला पाऊस लागला तर गावभरच्या भाऊबंदांचे पाहुणे तिथेच झोपायचे. ‘शाया भाडे दिधी’ असं कोणी म्हणालं असतं तर गावाला वाटलं असतं की मास्तरने शाळा विकली.

धातुकोश
भाडं आलं संस्कृत ‘भाटक’वरून, त्यात कमीपणा काही नाही. तुमच्या कानात ‘भाडखाऊ’ वाजतोय.

कपाशीवाला
वाजणारच!

नवापूरवाला
सतरंजी देणाऱ्याला जागा मिळायची हे खरं, नाना. पण ती कोणाकोणाला मिळायची? आमच्या पाड्यातल्या लोकांनी एकदा नाताळसाठी शाळा मागितली तर ‘ठराव करावा लागेल’ असं उत्तर मिळालं. सप्ताहाला ठराव लागला नव्हता. भाडं ठरलेलं असतं, पावती असती, तर निदान नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

तापीकाठचा
पण रविवारी शाळा रिकामी असते ती ज्यांचा वार रविवार त्यांच्याच कामाची. शुक्रवारवाल्यांनी काय करायचं?

मास्तरीण_शिरपूर
हा मुद्दा त्या निकालातसुद्धा आहे. दादा, तुम्ही विरुद्ध बाजूला चला. पण माझे दोन शब्द कोणी देईल का? उद्या आठला टिपण द्यायचंय.

धातुकोश
एक विचारू का? नाना ‘जानोसा’ म्हणाले. गुजरातीत वरातीला ‘जान’ म्हणतात, तिच्या मुक्कामाला ‘जानीवासो’. म्हणजे हा शब्द तापी ओलांडून आला की काय?

कपाशीवाला
ओलांडून कशाला? आमचाच आहे. त्यांनी नेला असेल.

तापीकाठचा
आमच्याकडे ‘जानवसा’ म्हणतात. ‘जानोसा’ पहिल्यांदाच ऐकला.

कपाशीवाला
मग तुमच्याकडे लग्नं शाळेत होत नसतील.