मार्गशीर्षातला चंद्र डोक्याच्या उत्तरेला कसा गेला?

प्रश्न
नमस्कार. दत्तजयंतीच्या दुसऱ्या रात्री, म्हणजे १५ डिसेंबर २०२४ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास, मी पुण्यात घराच्या गच्चीवर होतो. चंद्र ऐन डोक्यावर न येता तेथून सुमारे दहा अंश उत्तरेकडून गेला आणि माझी आखूड सावली दक्षिणेला पडली. पुण्याचे अक्षांश १८.५ असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, हे शून्य सावलीच्या दिवसांमुळे ठाऊक आहे. परंतु सूर्य विषुववृत्तापासून कधीही २३.४ अंशांपलीकडे जात नाही, आणि चंद्र मात्र २८ अंशांच्या पुढे पोहोचलेला असला पाहिजे. ही पाच अंशांची भर कोठून आली? शिवाय चंद्राच्या स्वतःच्या अक्षाचा कल एका पुस्तकात दीड अंश, तर दुसऱ्यात पावणेसात अंश दिला आहे. यातले खरे कोणते मानावे?

पहिला प्रतिसाद
आपले निरीक्षण अचूक आहे आणि सावलीकडे लक्ष दिलेत याचा विशेष आनंद वाटला. चंद्र पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरत नाही. त्याची कक्षा क्रांतिवृत्ताशी, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गाशी, सुमारे ५.१ अंशांचा कोन करते. हे दोन मार्ग जेथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजेच आपले राहू आणि केतू. पौर्णिमेचा किंवा अमावास्येचा चंद्र या बिंदूंच्या जवळ असेल तेव्हाच ग्रहण घडते, म्हणून ते दर महिन्याला होत नाही.

हे बिंदू स्थिर नसतात. ते उलट्या दिशेने सरकत १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. पंचांगात राहू-केतू नेहमी वक्री असतात, ते याच कारणाने. राहू वसंतसंपाताशी, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेला जातो त्या बिंदूशी, येतो तेव्हा चंद्रकक्षेचा कल पृथ्वीच्या कलात मिळवला जातो आणि चंद्र २८.५ अंशांपर्यंत उत्तरेला व तितकाच दक्षिणेला जातो. वसंतसंपात सध्या मीन राशीत आहे आणि आपण पाहिलेत त्या सुमारास राहूही मीनेतच होता. राहू त्यासमोरच्या शरदसंपातापाशी, कन्येत, असतो तेव्हा तेच पाच अंश वजा होतात. २०१५ साली चंद्राची मजल जेमतेम १८ अंशांपर्यंत होती, म्हणजे पुण्यात तो डोक्यावर येण्यापुरताच वर चढत होता.

याची दुसरी बाजू वटपौर्णिमेला दिसते. ११ जून २०२५ च्या आसपासचा पूर्णचंद्र पुण्यातून दक्षिण क्षितिजावर जेमतेम ४३ अंश चढला. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून उन्हाळ्यात तो खालून जातो आणि हिवाळ्यात उंचावरून.

दुसरा प्रतिसाद
अक्षाविषयीचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त कोन कशापासून मोजला हे पुस्तकांनी सांगायला हवे होते. चंद्राचा अक्ष क्रांतिवृत्ताच्या लंबाशी १.५ अंश, तर त्याच्या स्वतःच्या कक्षेच्या लंबाशी ६.७ अंश कललेला आहे. क्रांतिवृत्ताचा लंब चंद्राचा अक्ष आणि कक्षेचा लंब यांच्या मध्ये, एकाच पातळीत पडतो, म्हणून १.५४ आणि ५.१४ यांची बेरीज होते. हा मेळ खगोलशास्त्रज्ञ जिओव्हानी कॅसिनी यांनी १६९३ साली मांडला. कक्षा १८.६ वर्षांत गिरकी घेते तशीच चंद्राचा अक्षही तितक्याच काळात गिरकी घेतो, त्यामुळे ही मांडणी कायम राहते. मला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

त्याचे परिणाम ठोस आहेत. ६.७ अंशांमुळे महिन्याभरात आपल्याला कधी चंद्राच्या उत्तर ध्रुवापलीकडचा, तर कधी दक्षिण ध्रुवापलीकडचा थोडा भाग दिसतो. दीड अंशामुळे चंद्रावर ऋतू जवळजवळ नाहीत आणि ध्रुवांवर सूर्य क्षितिजापासून दीड अंशाहून वर येत नाही. दक्षिण ध्रुवाजवळचे शॅकलटन विवर सुमारे २१ किलोमीटर रुंद आणि ४ किलोमीटर खोल आहे. त्याच्या तळाला ऊन पोहोचतच नाही. अशा विवरांत तापमान उणे २०० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते, आणि तेथे टिकलेल्या बर्फामुळेच दक्षिण ध्रुवाकडे जगाचे लक्ष लागले आहे. चांद्रयान-३ ज्या जागी उतरले ती ६९ अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे तेथे मात्र व्यवस्थित दिवस उजाडतो.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मग ग्रहांच्या कक्षा जवळपास एकाच पातळीत असताना त्यांच्या अक्षांना काहीच शिस्त का नाही?

तिसरा प्रतिसाद
सर्व ग्रह एकाच चपट्या, फिरत्या तबकडीतून घडले, म्हणून कक्षा जुळतात. बुधाची सात अंशांनी कललेली कक्षा त्यांत सर्वांत वेगळी. अक्षावर मात्र नंतरच्या टकरींचा आणि इतर ग्रहांच्या ओढीचा परिणाम होत राहतो. गुरूचा कल ३ अंश, तर युरेनसचा ९८ अंश. युरेनस जणू आडवा होऊन ८४ वर्षांची प्रदक्षिणा घालतो आणि त्याच्या प्रत्येक ध्रुवावर सलग सुमारे ४२ वर्षे उजेड, मग तितकाच काळ अंधार असतो. मंगळाचा कल आज २५ अंश आहे, पण लाखो वर्षांत तो शून्याजवळपासून ६० अंशांपर्यंत हेलकावू शकतो, असे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कार आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवले. पृथ्वीचा कल चंद्राच्या ओढीने सावरलेला असतो, म्हणून तो ४१,००० वर्षांच्या चक्रात २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यानच राहतो.

एक भर घालतो. युरेनसचे मोठे चंद्र आणि त्याची कडी त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीतच फिरतात, म्हणजे तीही त्याच्याबरोबर आडवी झालेली आहेत. आपला चंद्र इतका लांब आहे की त्याच्या कक्षेच्या पातळीवर पृथ्वीच्या फुगीर विषुववृत्तापेक्षा सूर्याच्या ओढीचा प्रभाव अधिक पडतो. म्हणूनच त्याची कक्षा विषुववृत्ताला न धरता क्रांतिवृत्ताला धरून राहते, आणि म्हणूनच त्या रात्री आपली सावली दक्षिणेला पडली.