मदत हवी आहे: हक्कदार सापडत नाही आणि पुस्तक तर फाटत चाललंय

मंडळी, नमस्कार. मी एका छोट्या ग्रंथालयाचं काम बघते. आमच्याकडे काही जुनी पुस्तकं अशी आहेत की पान उलटलं की कोपरा हातात येतो. स्कॅन करून ठेवायची आहेत, पण कॉपीराइटचा हक्क कोणाकडे तेच कळत नाही. प्रकाशन केव्हाच बंद पडलं, वारसांचा पत्ता नाही. कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतो, कित्येक देशांत ७०. पण लेखक गेले कधी हेच माहीत नसेल तर मोजायचं कुठून?

युरोपीय संघाने अशा बेवारस पुस्तकांसाठी २०१२ मध्ये नियम केले, त्यात आधी कसून शोध घ्यायची अट आहे. असा शोध घेतल्याची नोंद तुम्ही कशी ठेवता? एखादा तक्ता असेल तर प्लीज दाखवा.

दुसरं, छापील प्रत कपाटात बंद ठेवून तिच्या बदल्यात एकच डिजिटल प्रत उसनी द्यायची, ही कल्पना मला पटली होती. पण नेमकं असंच करणारं इंटरनेट अर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालय प्रकाशकांच्या खटल्यात २०२४ मध्ये अमेरिकेत अपिलातही हरलं, तेव्हापासून हात आखडलाय. निदान ग्रंथालयातल्याच संगणकावर वाचायला देणारं कोणी आहे का इथे?

(विकतच्या ई-पुस्तकांचं तर विचारूच नका. बहुतेक वेळा मिळतो तो नुसता परवाना, मुदत संपली की कपाट रिकामं!)

अंध वाचकांसाठी २०१३ च्या माराकेश करारामुळे वाट आहे, त्यांना वाचता येतील अशा प्रती करायला घेतल्यात. बाकी सगळं अडलंय. तुमचे फसलेले प्रयोगही सांगा, चालतील.