आई-बाबांसोबत जुलैमध्ये अ‍ॅस्पन: कुठे राहावं, कुठल्या रस्त्याने जावं?

सोनसळी:
जुलैच्या मध्यावर चार रात्रींसाठी अ‍ॅस्पनला (कोलोराडो) जायचं ठरतंय. सोबत सत्तरीतले आई-बाबा. सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर आरामात चालतात, चढाला गुडघे कुरकुरतात. डेन्व्हरहून भाड्याची गाडी. गावातली हॉटेलं आवाक्याबाहेर दिसतात. आय-७० महामार्गाने जावं की इंडिपेन्डन्स पासच्या घाटाने? मरून बेल्स (तळ्यात प्रतिबिंब पडणारी जोडशिखरं) आणि जुनं गाव दोन्ही बघायचंय.

घाटवाट:
जाताना आय-७०, परतताना पास. हा क्रम उलटा करू नका. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, ग्लेनवूड स्प्रिंग्ज (आय-७० सोडून वळायचं गाव) साधारण ५,७००, अ‍ॅस्पन जवळजवळ ८,०००. विरळ हवेचा त्रास होईल की नाही, हे बरंचसं झोपता किती उंचीवर यावर ठरतं. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्याही वर आहे, पण तिथून गाडी लगेच खाली उतरते. पासचा माथा १२,०९५ फुटांवर, आणि तिथे प्रत्येकजण उतरून रेंगाळतो. पहिल्याच दिवशी तसं केलं की संध्याकाळी डोकं ठणकतं, भूक मरते.

म्हणून चारही रात्री ग्लेनवूड किंवा वाटेतल्या कार्बनडेलला काढा. अ‍ॅस्पन ग्लेनवूडहून ४० मैल. खर्चही कमी होतो. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा. अ‍ॅसिटाझोलामाइड (उंचीच्या त्रासावरचं औषध) घ्यायचं का, हे त्यांनाच ठरवू द्या.

अ‍ॅस्पनहून थेट डेन्व्हरला निघालात तर पासने सुमारे ४० मैल वाचतात, वेळ मात्र वाचत नाही. काही ठिकाणी मधला पट्टाही नसलेला, जेमतेम एका गाडीचा रस्ता आणि शेजारी दरी. ३५ फुटांपेक्षा लांब वाहनांना बंदी आहे. टाकी भरूनच निघा. वाटेत इंडिपेन्डन्स हे ओसाड खाणगाव लागतं (१८७९ मध्ये इथे सोनं सापडलं), पण तेही १०,९०० फुटांवर आहे, सावकाश चाला.

रानजाई:
वरच्या सल्ल्यात एक भर. ग्लेनवूडला राहिलात तर हायवे ८२ वरची (ग्लेनवूडहून वर येणारा रस्ता) सकाळची कोंडी लक्षात घ्या. अ‍ॅस्पनमध्ये काम करणारे बहुतेक लोक खालच्या गावांत राहतात, त्यामुळे सकाळी सगळा लोंढा वर आणि दुपारनंतर खाली. गाडी ब्रश क्रीक पार्क अँड राइडला (गाडी ठेवून बस पकडायचा तळ) लावा. पार्किंग फुकट, तिथून गावात जाणारी बसही फुकट.

मरून बेल्सचं आरक्षण आत्ताच करा. हंगामात आरक्षण नसेल तर ना बस, ना पार्किंग. बस अ‍ॅस्पन हायलँड्स या स्की-तळाहून सुटते. सकाळच्या पहिल्या बसांपैकी एक निवडा: सकाळी तळं शांत असतं आणि डोंगरांचं प्रतिबिंब स्वच्छ दिसतं, नंतर वारा सुटला की ते मोडतं. शिवाय जुलैत दुपारी विजा कडाडतात. तळं ९,५८० फुटांवर आहे, सकाळी चांगलीच थंडी असते, स्वेटर आणि कानटोपी हवीच. तळ्याकाठची वाट आई-बाबांना जमेल. तिथून पुढची क्रेटर लेकची वाट मात्र टाळा, एका बाजूने १.८ मैल आणि बराच भाग सुट्या दगडांचा, उतरताना गुडघ्यांची परीक्षा.

आरक्षण नाहीच मिळालं तर कॅसल क्रीक रस्त्याने अ‍ॅशक्रॉफ्टला जा. तेही ओसाड खाणगाव, १८८० च्या दशकातली लाकडी घरं, जवळपर्यंत गाडी जाते, चालणं थोडं.

जुनीवीट:
गावासाठी अर्धा दिवस नीट राखून ठेवा, दुकानांच्या काचा बघण्यात घालवू नका. व्हीलर ऑपेरा हाउस आणि हॉटेल जेरोम, दोन्ही १८८९ ची, दोन्हींमागे जेरोम व्हीलर या उद्योगपतीचा पैसा. चार वर्षांनी, १८९३ मध्ये, सरकारने चांदीची खरेदी थांबवली आणि गाव ज्यांच्यावर उभं होतं त्या चांदीच्या खाणी बसल्या. १९३० पर्यंत गावात जेमतेम ७०० माणसं उरली. पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता, म्हणून या विटा टिकल्या असं मला वाटतं.

तिथून वेस्ट एंडच्या सपाट गल्ल्यांतून लाकडी घरं बघत संगीत महोत्सवाच्या तंबूपर्यंत जा. महोत्सव १९४९ पासूनचा. बाहेरच्या हिरवळीवर बसून ऐकायला तिकीट लागत नाही. रविवारी दुपारी ऑर्केस्ट्रा असतो, तो दिवस जमवाच. सतरंजी आणि छत्री दोन्ही न्या.

सोनसळी:
खूप आभार! क्रम पटला. स्वयंपाकघर असलेलं घर घेतोय, तिथे डाळ शिजेल ना?

घाटवाट:
उघड्या पातेल्यात लवकर नाही. ग्लेनवूडच्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, तूरडाळ शिजायला बराच जास्त वेळ लागतो. कुकर न्या आणि दोन शिट्ट्या जास्त करा. डाळ आधी अर्धा तास भिजवा.

रानजाई:
आणि उरलेलं अन्न गाडीत ठेवू नका, दारं कुलूपबंद करा. या खोऱ्यात अस्वलं दाराची कडी ओढून गाडी उघडतात. कचराही कुलुपाच्या डब्यातच टाका.